समासातल्या बायका

सोमवार, ४ मार्च

राग आलाय आणि तो काढायला जागा नाही, म्हणून ही वही. आठवडाभर टिकली तरी पुष्कळ झालं.

म्हातारपणी वाचेन तेव्हा मलाच काही आठवणार नाही, म्हणून आधी सगळं लिहून ठेवते. मी राज्यशास्त्र विभागात संशोधन सहायक आहे, नऊ वर्षं, दर वर्षी मुदत वाढवून घेत. अडतीस देश मिळून एक पाहणी करतात: लोकशाही कागदावरच आहे की माणसांपर्यंत पोचलीय? दर तीन वर्षांनी तेच प्रश्न, प्रत्येक देशात आपापल्या भाषेत. आमच्या भाषेतलं भाषांतर माझं. त्यातला सतरावा प्रश्न जगभर गाजला, कारण आमच्याकडच्या एकसष्ट टक्के बायका म्हणाल्या की आपलं मत आपण स्वतः ठरवत नाही. म्हणजे रांगेत उभी राहणार बाई आणि निवडणार घरातला पुरुष. या आकड्यावर आमच्या पाहणीच्या प्रमुखांचं, म्हणजे सरांचं, पुस्तक आहे, सरांची भाषणं आहेत, आणि पोरांनी सरांचं नावच एकसष्टसर ठेवलंय. सरांना यंदा साठ पूर्ण झाली. पुढच्या वर्षी ते खरोखर एकसष्टचे होतील तेव्हा पोरांना आवरणार कोण?

तर आज ठरलं ते असं. सव्वीस तारखेला अडतीस देशांची ऑनलाइन बैठक. आमचं प्रकरण पाहणीच्या जागतिक ग्रंथात पहिलं येणार. सर बोलणार आणि मी मागे बसून पडद्यावरची चित्रं पुढे सरकवणार. चित्रं माझी, मजकूर माझा, तक्ते माझे. सरकवायलाही मीच!

मी काही बोलले नाही. तीन एप्रिलला कायम जागेची मुलाखत आहे आणि समितीत सर आहेत. मूग गिळून बसलेलं बरं.

बुधवार, ६ मार्च

सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन बारा दिवस झाले. वॉकर घेऊन दारापर्यंत जातात आणि परत येताना दिसेल त्या वस्तूला नावं ठेवतात. आज माझ्या झाडांचा नंबर होता.

नवरोबांनी मागच्या खोलीत व्यायामाची सायकल ठेवायचं ठरवलंय. पायडल मारत राहायचं आणि पोचायचं कुठेच नाही, असली सायकल. माझं टेबल जिन्याखाली जाईल. तिथे उजेड कमी आहे, पण दिवा लावता येईल. मी काही बोलले नाही. यात बोलण्यासारखं आहे तरी काय?

रविवार, १० मार्च

आज हे लिहिल्याशिवाय झोप लागणार नाही.

चौथ्या फेरीची प्रश्नावली छापायला जायच्या आधी कुणावर तरी तालीम करावी लागते. सासूबाई कंटाळल्या होत्या, मीही कंटाळले होते. म्हटलं चला, दोघींचा वेळ जाईल. पहिले सोळा प्रश्न सुरळीत गेले. पंतप्रधानांना त्यांनी दहापैकी तीन गुण दिले, विरोधी पक्षाला अडीच.

"प्रश्न सतरा," मी म्हणाले. "तुम्ही तुमचं मत स्वतः ठरवता का?"

"माझं मत?" त्या हसल्याच. "या घरात माझं मत कुणी कधी विचारलंय? मला निळे पडदे हवे होते, आले हिरवे. तुझ्या नवऱ्याची शाळासुद्धा त्याच्या वडिलांनी ठरवली. लिही, नाही."

मी 'नाही'वर खूण केली. तिन्ही फेऱ्यांत हजारदा पाहिलेलं उत्तर. अठरावर जाणार, तर त्यांचं चालूच.

"निवडणुकीचं तेवढं सोडून."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? पडद्याआड काय तुझे सासरे येत होते? घरून निघताना सांगायचे, अमक्याला दे. मी म्हणायची, बरं. आणि आत जाऊन मला हवं त्याला द्यायची. एकेचाळीस वर्षं! गेले बिचारे, पत्ता नाही लागला."

"मग आत्ता नाही का म्हणालात?"

"तू मत विचारलंस. मतदान कुठे विचारलंस?"

अगं आई गं! नऊ वर्षं. मूळ प्रश्नात शब्द होता तो फक्त मतदानाचा. मीही आधी 'मतदानाचा निर्णय' असंच लिहिलं होतं. मग वाटलं, किती सरकारी! खोडून 'मत' केलं. साधं, सोपं, घरगुती. सर म्हणाले होते, "वा, ही खरी माणसांची भाषा!" आणि मी आठवडाभर हवेत होते. आता कळतंय, ते इतकं घरगुती झालं की बायकांनी घराबद्दलच उत्तर दिलं.

मंगळवार, १२ मार्च

मी स्वतःची समजूत घातली होती की एकट्या सासूबाईंनी तसा अर्थ लावला असेल. त्यांचा स्वभावच तसा, सरळ प्रश्नाला सरळ उत्तर द्यायचं नाही.

मग आज विभागाच्या कोठीच्या खोलीत गेले. तिथे तिन्ही फेऱ्यांचे कागदी फॉर्म खोक्यांत भरून ठेवलेत. मुलाखत घेणारी मुलं-मुली उत्तराची खूण करतात, आणि समोरचं माणूस आणखी काही बोललं तर समासात पेन्सिलीने टिपतात. खूण संगणकात जाते. समास खोक्यात जातो. कुणी वाचत नाही. मीही वाचला नव्हता.

बायकांच्या दोनशे चौदा फॉर्मांवर सतराव्या प्रश्नापुढे काही ना काही टिपलंय. हे उतरवून घेतलं:

"मुलीचं लग्न ठरलं तेव्हाच कळलं माझं मत काय किमतीचं ते."
"मत? मी या घरात नवीन आहे."
"भाजी कुठली करायची एवढं ठरवते."
"ताई, तुम्ही पहिल्याच विचारणाऱ्या."

आकडेबाई, म्हणजे आमच्या संख्याशास्त्रज्ञ, डबा खाता खाता माझ्याबरोबर वाचायला बसल्या. दोघींनी वेगवेगळं मोजलं. एकशे एकतीस बायका उघड उघड घराबद्दल बोलतायत. आकडेबाईंनी चष्मा काढून पुसला. "एकसष्ट, साठ, बासष्ट. तिन्ही फेऱ्यांत इतका स्थिर आकडा! मी म्हणायची, नवऱ्याचा मूडसुद्धा इतका स्थिर नसतो. स्थिर असणारच की, दर वेळी तोच चुकीचा प्रश्न विचारला आपण."

प्रश्नाचा शब्द बदलायचा नाही असा पाहणीचा नियम आहे, नाहीतर जुन्या फेरीशी तुलना मोडते. नियम मीच फळ्यावर लिहिला होता.

गुरुवार, १४ मार्च

जेवताना सांगितलं. नवरोबा म्हणाले, "झाकली मूठ सव्वा लाखाची. मुलाखत होऊ दे, कायम हो, मग सांग. कुणाचा जीव जाणार आहे का?"

बरोबरच आहे. कुणाचा जीव जाणार नाही. पण मग मी भात नुसता चिवडत का बसले?

सासूबाई भात कालवत होत्या. "चूक कुणाची?"

"माझी."

"मग तूच सांग. दुसऱ्याने सांगितली तर चोरी म्हणतील." आणि लगेच, "डाळीला मीठ नाही."

यांना माझं कधी काही पसंत पडलंय का? आज माझ्या ताटात न सांगता जास्तीचं तूप वाढून ठेवलं होतं. बहुतेक स्वतःला नको असेल.

शुक्रवार, १५ मार्च

सांगितलं.

सरांच्या खोलीत उभ्याने, कारण बसले असते तर धीर सुटला असता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आत्ता? अकरा दिवस उरलेत मॅडम."

सर मला नेहमी 'अहो बाई' म्हणतात. मॅडम म्हणजे संपलं.

"समास म्हणजे पुरावा नव्हे," ते म्हणाले. "दोनशे चौदा फॉर्म. बाकीच्यांचं काय?"

"बाकीच्या काय बोलल्या ते कुणी टिपलं नाही सर."

"म्हणजे तुम्हालाही माहीत नाही."

"नाही. पण आपल्याला माहीत आहे असं आपण नऊ वर्षं सांगतोय."

हे माझ्या तोंडून कसं निघालं देव जाणे. उचलली जीभ लावली टाळ्याला. सर खिडकीकडे तोंड करून उभे राहिले आणि मी निघून आले. स्वच्छतागृहात जाऊन नळ सोडून रडले. कायम जागा गेली, आहे तीही जाणार. नवरोबांना सांगितलं नाही. मी सांगितलं तुला, असं ते म्हणतील, आणि खरंच सांगितलं होतं.

सोमवार, १८ मार्च

सर बोलत नाहीत. मान हलवतात, ती नमस्कारासाठी की माशीसाठी ते कळत नाही.

कोठीच्या खोलीची किल्ली जागेवर नव्हती. दुपारी मिळाली, आत गेले तर कुणीतरी खोकी हलवलेली. तिसऱ्या खोक्यावर चहाच्या कपाचा गोल ओला डाग! लोकांना काही किंमत आहे का? दुपारची डुलकी काढायला येत असणार कुणीतरी, खुर्चीही आत ओढून नेलीय. शिपायाला विचारलं तर तो नुसता हसला.

भीती वाटतेय की फॉर्म गायब होतील. आकडेबाई म्हणतात मी फार डोकं चालवते.

बुधवार, २० मार्च

जिन्यात सर भेटले. नमस्कार नाही, काही नाही, एकदम प्रश्न. "तुमच्या सासूबाई नेमकं काय म्हणाल्या? शब्दशः?"

"तू मत विचारलंस, मतदान कुठे विचारलंस."

"हं," म्हणाले आणि निघून गेले. माझी थट्टा चालली आहे. करा बापडे. डोळेही लाल दिसत होते, रागाने असतील.

घरी सायकल आली. माझं टेबल जिन्याखाली गेलं. उठताना डोकं वरच्या पायरीला आपटलं. तेव्हा मी जरा मोठ्याने बोलले. काय ते इथे लिहिण्यासारखं नाही. नवरोबा घाबरून बघत राहिले. आतून सासूबाईंचा आवाज आला, "बरं झालं."

माझं डोकं आपटलं आणि म्हणे बरं झालं!

मंगळवार, २६ मार्च

सावकाश लिहिते, नाहीतर काहीतरी सुटेल.

पडद्यावर अडतीस चौकोन. कुठे सकाळ, कुठे संध्याकाळ, एकीच्या मांडीवर मांजर. आमच्या खोलीत सर पुढे, मी मागे, बाजूला आकडेबाई. सरांनी सुरुवात केली. सोळा प्रश्न झाले. मी सतराव्याचं चित्र पुढे आणलं, तो प्रसिद्ध एकसष्टचा लाल खांब, आणि सर थांबले. इतके थांबले की मला वाटलं जोडणी तुटली.

मग ते खुर्चीवरून उठले. "या प्रश्नाचं भाषांतर ज्यांनी केलं त्यांना यात एक चूक सापडली आहे. त्याच सांगतील." आणि मला म्हणाले, "अहो बाई, या. बसा इथे."

आकडेबाईंनी मला अक्षरशः पुढे ढकललं.

परकी भाषा आणि समोर अडतीस देश. मी सांगितलं की आमच्याकडे मत देतात, मत मांडतात आणि मत विचारतात, आणि तिन्ही ठिकाणी शब्द एकच. सांगितलं की मी सोपं करायला गेले आणि भलतंच विचारून बसले. समासातली वाक्यं वाचली. "मी या घरात नवीन आहे" वाचताना आवाज फाटला, पण वाचलं. शेवटी म्हणाले, दोनशे चौदांपैकी एकशे एकतीस.

"एकशे छत्तीस," मागून सर म्हणाले. "मी सगळे वाचलेत. पाच तुमच्या हातून सुटले."

सुटले? आकडेबाईंनी आणि मी वेगवेगळं मोजलं होतं! पण भांडायची ती वेळ नव्हती. उद्या दाखवा म्हणणार आहे.

आता हाकलतात, मला वाटलं. तेवढ्यात एक दाढीवाले प्राध्यापक म्हणाले, "जरा थांबा हं," आणि त्यांचा चौकोन रिकामा झाला. नुसती खुर्ची. खिडकीबाहेर बर्फ. पाच मिनिटांनी आले ते हसत. त्यांच्या भाषेत मताला जो शब्द, तोच म्हणे आवाजाला. त्यांनी स्वयंपाकघरात जाऊन त्यांची प्रश्नावली बायकोला वाचून दाखवली. ती म्हणाली, "माझा आवाज? या घरात, तू असताना?"

हसण्याचा असा स्फोट झाला की मांजर पळालं. मग मांजरवाली म्हणाली, आमच्याकडेही आवाजच. मग आणखी एक. मग सगळे एकदम बोलायला लागले, आणि समन्वय करणाऱ्या बाईंना टेबलावर पेन आपटावं लागलं. ठरलं ते असं: सतरावा प्रश्न ग्रंथातून काढायचा. प्रत्येक देशाने आपला शब्द तपासायचा. नमुन्यादाखल काही बायकांना आम्ही पुन्हा भेटायचं, घराचं वेगळं आणि मतपेटीचं वेगळं विचारायचं. आमचं प्रकरण पहिलं येणार नाही. सध्या येणारच नाही.

सगळे गेल्यावर सर टेबल आवरत होते. मी म्हणाले, "सर, पुस्तक?"

"नवी आवृत्ती थांबवायला सांगितलीय." मग बराच वेळ वायर गुंडाळत राहिले. "नऊ वर्षं मी या बायकांना बिचाऱ्या म्हणत गावोगाव हिंडलो हो. आणि त्या सगळ्यांच्या डोळ्यांत धूळ फेकून मोकळ्या." आणि साठ वर्षांचा माणूस शाळकरी पोरासारखा हसला. मलाही हसू आलं, आणि रडूही.

बुधवार, ३ एप्रिल

मुलाखत. बाहेरून आलेल्या सदस्यांनी विचारलं, "तुमच्या कामातली सर्वांत मोठी चूक कोणती?" सरांना खोकल्याची उबळ आली. मी म्हणाले, "एक शब्द. सांगू का सविस्तर?" पंधरा मिनिटांची मुलाखत पन्नास मिनिटं चालली.

मंगळवार, १६ एप्रिल

पत्र आलं. कायम जागा दुसऱ्याला. माझी मुदत एक वर्ष वाढवली.

वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, फार वाईट वाटलं. सासूबाई वॉकर सोडून, भिंतीला धरून माझ्यापर्यंत आल्या आणि नुसत्या शेजारी बसल्या. नवरोबांनी पत्र दोनदा वाचलं. "मी सांगितलं तुला" असं म्हणाले नाहीत. म्हणाले, "सायकल जिन्याखाली बसेल का ते बघतो." मी म्हणाले, "बघा. आणि टेबल खिडकीशी हवंय मला, भिंतीशी नाही."

शनिवार, २७ एप्रिल

आज पुन्हा भेटायच्या बायकांपैकी पहिली. सर म्हणाले होते, पहिल्या घरी तुम्हीच जा. नव्या प्रकरणावर दोघांची नावं असतील, आणि माझं आधी. वर्णानुक्रमे तसंच येतं, अशी पुष्टीही त्यांनी लगेच जोडली.

चार मजली इमारत, तळमजल्यावर शिवणकाम करणारी बाई. दार उघडंच, कापडाचे तुकडे, मोजपट्टी गळ्यात. आतल्या खोलीत नवरा टीव्हीवर सामना बघत होता. तीन वर्षांपूर्वी हिनेच सांगितलं होतं: "मत? मी या घरात नवीन आहे."

"अजून नवीनच आहात का?" मी विचारलं.

"जुनी झाले हो," ती म्हणाली. "पण विचारत अजून नाही कुणी."

मी पहिला भाग विचारला. घरातले निर्णय घेताना तुमचं म्हणणं विचारतात का? नाही. खूण केली. मग दुसरा: निवडणुकीत कुणाला द्यायचं ते कोण ठरवतं?

तिने आतल्या दाराकडे पाहिलं. मग मशीनवर पाय ठेवला आणि चिंधीवरूनच ते असं जोरात पळवलं की टीव्ही ऐकू येईना. वाकून माझ्या कानाशी म्हणाली, "मी. दर वेळी मीच. यांना वाटतं हे."

मी लिहायला लागले तर तिने माझा हात धरला. "माझ्या दोन्ही जावांचंही लिहा. आणि समोरच्या काकूंचं. आम्ही चौघी एकत्रच जातो."

"तसं नाही लिहिता येत," मी म्हणाले. "प्रत्येकीला वेगळं विचारावं लागतं."

"विचारणार? प्रत्येकीला?"

"हो."

मशीन थांबलं. आतून नवऱ्याने ओरडून विचारलं, "कोण आलंय गं?"

"काही नाही, पाहणी आहे. बायकांची," ती म्हणाली, आणि उठून जिन्याच्या तोंडाशी गेली. इतक्या मोठ्याने की वरच्या मजल्यावरची कबुतरं उडाली: "अगं ए! खाली या सगळ्या! आपलं मत विचारायला आल्यात!"

कुठलं मत ते मी सांगणारच होते. पण तोवर चपलांचे आवाज जिना उतरायला लागले होते, तिघींचे नाही, बऱ्याच जणींचे, आणि माझ्याकडे फॉर्म फक्त सहा होते.